मिठाच्या लॉरीचं घर

माझी भीती ओलीची होती. खाडीकाठी, मिठाच्या आगरावर संसार करणारी बाई ओलीला भिते म्हटल्यावर लोक हसायचे. हसू देत. जिचं पहिलं मूल ओलीने नेलं तिने कशाला भ्यावं, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं कारण नाही.

ही गोष्ट उरणच्या बाजूची, मी विशीसुद्धा ओलांडली नव्हती तेव्हाची. राज्य इंग्रजाचं होतं आणि मोटार दिसली की गावची पोरं धूळ खात तिच्यामागे धावायची. आमचे हे एका व्यापाऱ्याची मिठाची लॉरी चालवायचे. उन्हाळाभर आगरातलं मीठ भरायचं आणि बंदरावर नेऊन पडावात, मालाच्या गलबतात, ओतायचं. पाऊस लागला की रस्त्याचा चिखल व्हायचा आणि लॉरी बंद. मग उरलेल्या मिठाच्या राशी गवताने शाकारायच्या, आणि आम्ही दोघांनी बांधावरच्या झोपडीत राहून त्यांची राखण करायची. उधाणाने बांधाला खांड पडली तर अख्ख्या राशी खाडीत जायच्या, म्हणून पाऊस सरेपर्यंत तिथून हलायचं नाही.

त्या झोपडीत माझा पहिला मुलगा गेला. कुडाच्या भिंती, वर पेंढा, आणि चहूकडे पाणी. अंथरूण ओलं, दुपटी ओली, चुलीवर धरलेलं लंगोट सुकायच्या आधी दुसरं भिजलेलं. श्रावणात त्याची छाती घरघरायला लागली. मी त्याला पोटाशी धरून बसायचे, पण माझं लुगडंही दमटच. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर मला झोपेतसुद्धा कान लावून ऐकायची खोड लागली. कुणाचाही श्वास ऐकू आला की मी मनात म्हणायचे, आहे, चालू आहे.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आनंद झाला असं म्हणेन तर खोटं. हिशेब केला तर बाळंतपण पुन्हा श्रावणातच येत होतं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "त्या झोपडीत मी पाऊल ठेवणार न्हाय. माझा जीव घ्या, पण तिथं नको."

आमचे हे बोलणारे नव्हतेच, मी दहा वाक्यं बोलले तर त्यांचं एक. पण त्याच उन्हाळ्यात व्यापाऱ्याने नवी लॉरी आणली आणि जुनी ह्यांच्या गळ्यात मारली. इंजिन धड होतं, बाकी सगळं मिठाने खाल्लेलं. उन्हाळ्यात आम्ही ज्यांच्या पडवीत राहायचो त्या घरापाशी संध्याकाळी ती खडखडत आणून उभी केली आणि मला म्हणाले, "ही घे. हिचं घर करतो."

मी कपाळावर हात मारला. लोक घर बांधून त्यात राहतात, आणि आमचा माणूस घराला चाकं लावायला निघाला होता. पण त्यांनी विचार पक्का केलेला. पावसात लॉरी आगरावरच्या उंचवट्यावर उभी करायची आणि तिच्यातच राहायचं, म्हणजे खाली ओल नाही, वर गळका पेंढा नाही. आणि पाऊस सरला की हेच घर रस्त्याला लावायचं. माझे वडील मचवे बांधणारे सुतार होते. किनाऱ्यावर ज्या बंदरात मचवे दुरुस्तीला ओढलेले असतील तिथे त्यांना हत्यारांसकट न्यायचं, रेवस, अलिबाग, रेवदंडा, जिथवर रस्ता जाईल तिथवर. मी आणि मूल बरोबर. "कुनाच्या दारात राहायला नको," हे म्हणाले. त्या एका वाक्यावर मी वितळले, खरं सांगायचं तर.

बाबांना बोलावलं. माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली, तेव्हा माहेर म्हणजे बाबाच. त्यांनी लॉरीभोवती एक फेरी मारली, फळीवर बोटाने टकटक केलं, नखाने खरवडून पाहिलं.

"लाकूड झकास हाय," म्हणाले. "मिठात मुरलंय. वाळवी तोंड लावनार न्हाय."

"पन गळेल का?" मी विचारलं.

"बाय, मी मचवे बांधतो. माज्या मचव्यात समुद्र शिरत न्हाय, तुज्या लॉरीत पाऊस काय शिरतो? एक थेंब जरी आत आला तर मला बाप म्हनू नको."

त्यांच्या डोळ्यांपुढेही तो गेलेला नातूच होता. दोघे पुरुष ज्या इरेने त्या लॉरीला भिडले ते पाहून मला भरून यायचं आणि रागही यायचा, कारण जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. बाजूच्या फळ्या तशाच ठेवल्या, त्यांच्यावर एका मोडीत काढलेल्या मचव्याच्या फळ्या चढवून भिंती उंच केल्या. छपराला बाबांनी वाकवलेल्या फासळ्या बसवल्या, जशा मचव्याच्या पोटात असतात तशा, आणि वरून फळ्या ठोकल्या. पुढून बघितलं तर लॉरीवर मचवा उलटा घातलाय असंच वाटायचं. आत एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला भांड्यांची फळी, भांडी घसरू नयेत म्हणून तिला कडेने पट्टी, आणि मधल्या फासळीला पाळण्याचा आकडा. तो आकडा ह्यांनी स्वतः भट्टीत तापवून वळवला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

ह्यांना दोन खिडक्या हव्या होत्या. बाबा म्हणाले, "मचव्याला कुनी खिडकी ठेवतं का?" हे म्हणाले, "मानसं राहनार हायत, मासळी न्हाय." शेवटी एक खिडकी ठेवली, हातभर लांब, तिला सरकती फळी. शिवाय पुढे चालवायच्या बैठकीकडे जायला एक झरोका, म्हणजे हे मोटार हाकत असताना मला त्यांच्याशी बोलता यावं. "न्हाय तर ही मागून ओरडून सगळ्या कुलाबा जिल्ह्याला ऐकवील," हे म्हणाले. वर्षभरात ह्यांनी केलेला विनोद तेवढा एकच.

मग फटी. बाबांचा खरा हात फटींत होता. कापसाच्या वाती वळायच्या, मुशी माशाच्या तेलात भिजवायच्या, दोन फळ्यांच्या मधे छिन्नीने ठासायच्या आणि वरून राळ. मचव्याचं असंच करतात. मचवा पाण्यात उतरला की लाकूड फुगतं आणि फट आपणहून आवळते. बाबा सांगायचे आणि मी वाती वळत ऐकायचे. त्या तेलाच्या वासाने मला मळमळायचं, पण मी एकेक वात घट्ट वळली. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की हिच्यातून ओल येणार नाही.

पाऊस लागला. आम्ही लॉरीत राहायला गेलो, झोपडी स्वयंपाकाला आणि बाबांना निजायला ठेवली. छपरावर पाऊस ताशासारखा वाजायचा आणि आत थेंब नाही. मी हात वर करून छपराला लावून बघायचे. पहिल्या रात्री बाबांनी माझ्याकडे बघून नुसत्या भिवया उडवल्या. मी म्हटलं, "हां, बाप म्हनते तुमाला." किती दिवसांनी मी पोटभर झोपले.

ते सुख टिकलं नाही. एका सकाळी खाटेकडच्या भिंतीला हात लावला तर ओला. बोटं चिकट झाली. माझं धाबं दणाणलं. ह्यांना हाक मारली, ह्यांनी बाबांना. बाबा बाहेर पावसात जाऊन प्रत्येक सांध्याला कान लावून आले, काही सापडेना. तरी त्यांनी त्या बाजूला नवी वात ठासली आणि राळेचा जाड हात फिरवला. दोन दिवसांनी भिंत पुन्हा ओली. नुसती ओली नाही, तिच्यावरून थेंब ओघळत होते. मग दुसरी बाजूही. खालच्या फळ्यांवर ठेवलेली चटई उचलली तर खाली काळी ओल.

तिथून पुढचे दिवस म्हणजे नुसती शिकार. हे दिवा घेऊन आतून बघायचे, बाबा बाहेरून. हे म्हणाले खिडकीतून येत असेल, खिडकी वातीने बुजवून ठोकून टाकली. तरी ओल. झरोक्यातून येत असेल, झरोका बंद. दाराच्या कडेने येत असेल, म्हणून दाराला गोणपाटाची घट्ट किनार. जितकं बुजवावं तितकी भिंत जास्त रडायची. बाबांचा चेहरा उतरत चालला होता. मचवे बांधण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला एक गळती सापडू नये, ह्याने त्यांचं खाणंपिणं सुटलं. मी काय त्यांना बोलणार. मी भिंतीवर हात ठेवून बसायचे आणि पोटातल्या बाळाला सांगायचे, इतक्यात येऊ नको.

पण आली. श्रावणातच आली. जवळच्या गावची सुईण होडीतून आणली होती, हाताला हलकी, तोंडाला फटकळ, म्हणजे माझं तिच्याशी जमलं. मुलगी झाली. लॉरीत, त्या ओल्या भिंतींच्या मधे. ती रडली तेव्हा बाहेर बाबा मोठ्याने देवाचं नाव घेत होते आणि आमचे हे लॉरीच्या पुढच्या चाकाला टेकून पावसात उभे होते. सुईणीने आत यायला सांगितलं तर आधी अंग पुसून आले. मुलीला ओल लागू नये म्हणून.

मी मुलीला खाली ठेवेचना. तिची छाती वरखाली होते का बघायचं, नाकापाशी बोट धरायचं, पुन्हा छातीकडे बघायचं. पाचवी पुजली त्या दिवशी तिला एक शिंक आली. एकच. मला वाटलं, झालं, सुरू झालं. मी सुईणीचा हात धरला आणि म्हटलं, "काय बी कर, पन हे घर सुकव."

ती म्हणाली, "सुकवते की. शेगडीनं मानूसबी सुकतं, घर काय सुकनार न्हाय?"

आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घातलं की खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात. वर ओवा टाकतात, बाळंतिणीच्या अंगाला शेक बसतो, बाळाला धुरी मिळते. दार लावून घेतात, कारण बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं. माझ्या आईने, आजीने, सगळ्या बायकांनी हेच केलेलं. सुईणीने ते तसंच केलं, फक्त निखारे चौपट घेतले आणि शेगडी जास्त वेळ ठेवायची ठरवलं, भिंती सुकेपर्यंत. खाटेच्या उशाखाली कोयता होताच, पाचवीला ठेवतात तो, लोखंडाजवळ वाईट येत नाही म्हणून. तिने तो चाचपून पाहिला, दार बाहेरून लोटून घेतलं आणि झोपडीत माझ्यासाठी पेज करायला गेली. त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. हे आणि बाबा सकाळपासूनच बांधावर होते, कारण एका जागी माती खचायला लागली होती.

आधी मला फार बरं वाटलं. खरंच सांगते. कितीतरी दिवसांनी कोरडी ऊब. भिंतीवरचे थेंब बारीक झाले. मुलगी माझ्या कुशीत गप झाली, तिचे गाल लालबुंद दिसायला लागले, आणि मी म्हटलं, बघ, कशी टवटवीत झाली. बाहेर दुपारचा पाऊस कोसळत होता. डोकं जड झालं होतं, पण बाळंतिणीचं डोकं जड व्हायचंच. डोळे मिटले.

कशाने जागी झाले ते कळलं नाही. कपाळावर कुणी घणाने मारतंय असं दुखत होतं. पोटात ढवळत होतं. आणि मी झोपेतही ज्याच्यावर कान ठेवून असायचे ते ऐकू येत नव्हतं. मुलीकडे बघितलं. गाल तसेच लाल, ओठ किंचित उघडे, आणि ती हलत नव्हती. मी तिला हलवलं. तिचा हात चिंधीसारखा खाली पडला. नाकापाशी बोट धरलं तर बोटाला काही कळेना, कारण माझं बोटच बधिर झालं होतं.

मी ओरडले असं मला वाटलं, पण आवाज फुटला नव्हता. उठायला गेले तर पाय माझे नव्हते. मुलीला छातीशी धरून खाटेवरून खाली घसरले आणि दाराकडे सरकले. दार ढकललं. हललं नाही. खांद्याने ढकललं. हललं नाही. बाहेरून कडी घातलेली नव्हती, मला माहीत होतं, सुईणीने नुसतं लोटून घेतलं होतं. पावसात लाकूड फुगलं होतं आणि दार चौकटीत आवळून बसलं होतं. मचव्याची फट आवळते तसं. बाबांनी बांधलेलं होतं ते.

पुढे भोंगा होता, रबरी फुग्याचा, दाबला असता तर बांधावर ऐकू गेला असता. पण तिकडचा झरोका बंद करून टाकलेला. खिडकी ठोकलेली. मी दारावर थापा मारल्या. छपरावर पाऊस इतका वाजत होता की माझ्या थापा मलाच ऐकू येईनात. तेव्हा मला जे भय वाटलं ते पहिल्या मुलाच्या वेळीही वाटलं नव्हतं. तेव्हा काय नेतंय ते दिसत तरी होतं. इथे काही दिसत नव्हतं. धूर नव्हता, आग नव्हती, घर उबदार होतं, आणि माझी मुलगी माझ्या हातात विझत चालली होती.

एवढं मात्र कळत होतं की आत जे आहे ते चांगलं नाही आणि बाहेर जायला वाट नाही. मी खाटेकडे परत सरकले, उशाखालून कोयता ओढला आणि भिंतीच्या खालच्या सांध्यात त्याचं टोक खुपसलं. राळ कडक होती. टोक घसरून माझ्या अंगठ्यात गेलं, मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा खुपसलं, पिळलं. राळेचा ढलपा उडाला. आत माझी वात दिसली, मीच वळलेली. कोयत्याने तिचं टोक काढलं, दातात धरलं आणि ओढलं. ती आली. मुशीच्या तेलाची ती लांबच लांब वात, हातभर, दोन हात, येतच राहिली, आणि तिच्यामागून वारा आला. सरळ, गार, खाडीवरचा वारा, आणि वाऱ्याबरोबर पावसाचे थेंब.

ज्या दोन गोष्टींपासून बाळाला लपवायचं असतं, त्या दोन्ही. मी मुलीचं तोंड त्या फटीला लावलं.

थेंब तिच्या डोळ्यांवर पडले, ओठांवर पडले. मी तिची पाठ चोळत होते आणि बोलत होते, काय ते आठवत नाही, शिव्याच असतील. माझं तोंडही फटीपाशीच होतं. एक थेंब माझ्या जिभेवर आला. गोडा होता. आणि त्या तशा अवस्थेत, डोकं फुटत असताना, माझ्या लक्षात आलं की भिंतीवरचं पाणी खारट असायचं. इतके दिवस तिला हात लावून मी तोच हात तोंडाला लावत होते, चव कळत होती, आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं.

पाऊस आत येतच नव्हता. कधीच आला नव्हता. फळ्यांमधे वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं होतं आणि ते मीठ पावसाळ्याच्या हवेने पाझरत होतं. आम्ही आगरातली माणसं. मडक्यातल्या मिठाला श्रावणात पाणी सुटतं हे आमच्या रांगत्या पोरालाही ठाऊक. पण ह्यांना ती लॉरी दिसली, बाबांना मचवा दिसला आणि मला घर. मीठ कुणालाच दिसलं नाही. मचव्याचं लाकूड तर सदाच खारं आणि सदाच ओलं, त्याला कोण विचारतो कशाने ओलं म्हणून. नसलेली गळती बुजवत बुजवत आम्ही हवेची शेवटची वाट बुजवली, आणि मग त्यात निखारे ठेवले. कुडाच्या घरात तीच शेगडी कुणाला काही करत नाही, कारण कुडाला हजार भोकं असतात.

मुलीने तोंड वाकडं केलं. मग एक उचकी. मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज, आणि ती रडली. आधी मांजराएवढी, मग मोठ्याने. मी तिला फटीपासून तसूभरही हलवलं नाही. तिचं रडणं त्या फटीतून बाहेर गेलं आणि सुईणीला ऐकू गेलं. तिने येऊन दार ओढलं, तिच्याच्याने उघडेना, तशी ती बांधाच्या दिशेने हाका मारत पळाली. बाबांनी पहारीने दार उखडलं. बाहेरचा सगळा पाऊस आणि सगळा वारा एकदम आत आला. ह्यांनी शेगडी हातानेच उचलून बाहेर फेकली, तळवे भाजले, ते संध्याकाळी कळलं त्यांना.

सुईण दारात बसून रडायला लागली. तिला मी तेव्हाच सांगितलं की तू रडू नको, तू जे केलंस ते कोणीही केलं असतं. बाबांचं लक्ष खाली पडलेल्या वातीकडे होतं. आणि आमचे हे, त्यांना काय सुचावं, फटीतून पाणी येऊन मुलीचं दुपटं भिजतंय हे त्यांनी बघितलं, डोक्याचा फडका सोडला आणि तो फटीत कोंबायला वाकले. सवयच लागली होती सगळ्यांना.

कोयता माझ्या हातातच होता. मी म्हटलं, "त्या फटीला हात लावलात तर बोटं तोडीन."

ते तसेच वाकलेले राहिले. मी खारट पाण्याचं सांगितलं. अर्धवट सांगितलं, धाप लागत होती, पण बाबांना कळलं. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मग माझ्यापुढे हात केला, कोयता दे म्हणून. मला वाटलं मी भ्रमले आहे असं समजून काढून घेतायत. पण ते माझ्या शेजारी खाली बसले आणि त्यांनी स्वतः ठासलेली वरची फट उकरायला घेतली.

त्या फटी पुढे कधी बुजवल्या नाहीत. दिवाळीनंतर लॉरी खरोखरच रस्त्याला लागली, बाबा हत्यारं घेऊन पुढे ह्यांच्याजवळ बसायचे, मी मागे, आणि मुलगी उभी राहायला लागली तेव्हा त्याच फटींतून बाहेरचं बघायची. पण त्या दुपारी हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा उकरत होते, हे वाती ओढून काढत होते, दोघांच्या दाढीवरून पाणी गळत होतं की आणखी काय, मी विचारलं नाही. पाऊस चारी बाजूंनी आत येत होता. मुलगी माझ्या मांडीवर भिजत होती आणि टाहो फोडून रडत होती, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही तिला गप केलं नाही.